सरकारची वस्तू, ठेकेदाराचं छप्पर: अमेरिकेतले एफएआर पार्ट ४५ चे नियम कसे बदलले (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नमस्कार. इथे अमेरिकेत मशीन शॉप, टेस्टिंग लॅब, छोट्या इंजिनियरिंग कंपन्या चालवणारी किंवा त्यात नोकरी करणारी आपली बरीच मंडळी आहेत. डिफेन्सचं किंवा नासाचं एखादं सबकाँट्रॅक्ट हातात आलं की थोड्याच दिवसांत दारात एक लाकडी क्रेट येऊन पडते, आत सरकारचं फिक्स्चर (काम करताना पार्ट घट्ट धरून ठेवणारी चौकट) नाहीतर गेज (माप तपासायचं साधन) असतं आणि मग मला फोन येतो, "ताई, हे आता आपलं का त्यांचं? आणि मोडलं तर?" गेली १४ वर्षं मी एका मध्यम आकाराच्या शॉपमध्ये हेच सांभाळते, म्हणजे सरकारच्या मालकीची जी जी वस्तू आमच्या छपराखाली आहे ती कुठे आहे, कशी आहे, कोणाच्या हातात आहे हे बघणं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

नियमांचं मूळ पुस्तक म्हणजे फेडरल अ‍ॅक्विझिशन रेग्युलेशन, १९८४ पासून लागू आहे. बोलताना सगळे त्याला 'फार' म्हणतात पण मराठीत तसं लिहिलं की वाचताना गोंधळ होतो म्हणून मी एफएआर लिहिते. त्यातला पार्ट ४५ हा सरकारी मालमत्तेचा, आणि तुमच्या काँट्रॅक्टमध्ये प्रत्यक्ष येतं ते कलम ५२.२४५-१. नवीन माणसाने आधी हे कलम वाचावं, पार्ट ४५ नंतर.

ठेकेदाराकडे सरकारची मालमत्ता असतेच कशाला? ज्याने काम घेतलं त्याने स्वतःचं सामान आणावं ना?

नियमही तेच म्हणतो. काम करायला लागणारं सगळं सामान ठेकेदाराने स्वतः आणायचं, ही मूळ पॉलिसी आहे. सरकारने द्यायचं ते फक्त त्यात सरकारचा स्पष्ट फायदा दिसत असेल, सांभाळायच्या खर्चापेक्षा तो फायदा जास्त असेल, सरकारची जोखीम फार वाढणार नसेल आणि दुसऱ्या मार्गाने गरज भागणार नसेल तेव्हा.

पण व्यवहारात पाहिलं तर सामान दिल्याशिवाय कामच होत नाही. विमानाच्या एका पार्टची तपासणी करायचं टेस्ट स्टँड जगात दोन-तीनच असतात, ते सरकारने एकदा पैसे घालून बनवलेलं असतं, प्रत्येक नव्या ठेकेदाराने परत बनवायचं म्हटलं तर किंमत कुठच्या कुठे जाईल. शिवाय ह्याला जुना इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये डिफेन्स प्लांट कॉर्पोरेशन नावाची सरकारी संस्था काढली आणि तिच्या पैशाने कारखानेच्या कारखाने उभे राहिले, चालवायला मात्र खासगी कंपन्या. मिशिगनचा विलो रन, जिथे फोर्डने बी-२४ बॉम्बर बनवले, तो ह्याच पैशातला. आजही टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला एअर फोर्स प्लांट ४ आहे, जागा आणि इमारत सरकारची, आत एफ-३५ लढाऊ विमानं बनवते लॉकहीड मार्टिन. ओहायोत लायमाला रणगाड्यांचा कारखाना आहे तोही तसाच, मालक आर्मी आणि चालवणारी कंपनी जनरल डायनॅमिक्स. म्हणजे एका गेजपासून अख्ख्या कारखान्यापर्यंत सगळं ह्यात येतं.

आमच्याकडची नक्की कुठली वस्तू सरकारची धरायची?

दोन वाटांनी वस्तू सरकारची होते. एक म्हणजे सरकारने स्वतःहून दिलेली, क्रेटमधून आलेली. दुसरी तुम्हीच विकत घेतलेली किंवा बनवलेली, पण काँट्रॅक्टच्या अटींमुळे मालकी सरकारची झालेली. घोळ होतो तो ह्या दुसरीत.

कॉस्ट रिइंबर्समेंट काँट्रॅक्ट असेल, म्हणजे तुमचा खर्च सरकार भरून देतं असं, तर त्या कामासाठी तुम्ही घेतलेला आणि थेट त्या काँट्रॅक्टवर लावलेला माल दुकानदाराने तुमच्या दारात उतरवला त्या क्षणी सरकारचा होतो. बिल तुमच्या नावाचं, चेक तुमचा, तरी वस्तू त्यांची. फिक्स्ड प्राइसमध्ये, म्हणजे किंमत आधीच ठरलेली असते तिथे, साधारणपणे तुमची वस्तू तुमचीच राहते, पण प्रोग्रेस पेमेंट घेत असाल, म्हणजे काम पूर्ण व्हायच्या आधी हप्त्याने पैसे उचलत असाल, तर तिथे मालकी सरकारकडे जाते आणि हे कित्येक शॉपवाल्यांना माहीतच नसतं. माझ्या ओळखीतल्या एकाने असंच हप्ते घेऊन आणलेलं टूलिंग दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामाला लावलं होतं, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण ते निस्तरायला त्याचे चार महिने गेले.

२००७ चा बदल म्हणजे काय? सगळे त्याचं नाव घेतात.

हा प्रश्न नीट समजला की बाकीचे निम्मे प्रश्न सुटतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

२००७ च्या आधी पार्ट ४५ मध्ये एक लांबलचक सबपार्ट होतं, ४५.५, त्यात ठेकेदाराने काय काय करायचं आणि *कसं* करायचं ते पायरीपायरीने लिहिलेलं होतं. मालमत्तेचे प्रकार वेगळे, प्रत्येक प्रकाराची नोंद वेगळी. काँट्रॅक्ट फिक्स्ड प्राइसचं असेल तर एक कलम, कॉस्टवालं असेल तर दुसरं, आणखी काही प्रकार असेल तर तिसरं, आणि कुठलं लावायचं ह्यावरच वाद. मी ह्या कामात आले तेव्हा नवा नियम लागू झालेला होता, पण ज्यांच्या हाताखाली शिकले त्या बाई जुन्या पद्धतीतल्या, त्यांच्या कपाटात एकाच मालाची दोन वेगवेगळ्या नमुन्यांतली कार्डं होती कारण तो माल दोन काँट्रॅक्टवर दोन वेगळ्या प्रकारांत मोडत होता.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. जुन्या नियमात ठेकेदाराची वही हीच सरकारची अधिकृत वही होती, सरकारने सहसा दुसरी वही ठेवायची नाही असंच लिहिलेलं. म्हणजे आपल्या मालकीचं काय काय आहे हे सरकारला विचारायचं असेल तर ठेकेदारालाच विचारायचं. हे वाक्य डोक्यात ठेवा, पुढे एफ-३५ च्या प्रश्नात परत लागणार आहे.

२००५ मध्ये बदलाचा मसुदा आला, मे २००७ मध्ये अंतिम नियम छापला गेला आणि १४ जून २००७ पासून लागू झाला. त्यात तीन मोठ्या गोष्टी झाल्या. बरीचशी कलमं एकत्र करून ५२.२४५-१ हे एक मुख्य कलम आलं. जुने काही प्रकार काढून टाकले. आणि सगळ्यात मोठं म्हणजे 'कसं करायचं' हे लिहिणं सोडून 'काय साधलं पाहिजे' तेवढं लिहिलं. पद्धत तुमची तुम्ही ठरवा, धंद्यात चांगल्या मानलेल्या पद्धती वापरा, एएसटीएमसारख्या संस्थांची मालमत्ता व्यवस्थापनाची स्टँडर्ड्स आहेत ती वापरा, पण परिणाम दाखवा.

म्हणजे नियम सैल झाले ना?

असं बऱ्याच जणांना वाटलं आणि तिथेच फसगत झाली. आधी इन्स्पेक्टर पुस्तक उघडून विचारायचा, "ह्या ओळीत लिहिलंय ते केलंत का?" आता तो विचारतो, "तुमची पद्धत काय? लिहून ठेवलीय का? आणि लिहिल्याप्रमाणे वागताय का?" पद्धतच लिहिलेली नसेल तर पहिल्याच प्रश्नाला गप्प बसावं लागतं. सरकारने विचार करायचं काम आपल्याकडे दिलंय, ते काम कमी झालेलं नाही.

तरी मला हा बदल मनापासून योग्य वाटतो. ज्या शॉपमध्ये सरकारच्या ४० वस्तू आहेत आणि ज्या प्लांटमध्ये ४० हजार आहेत त्या दोघांना एकच रजिस्टर लावणं हा शुद्ध छळ होता.

मोजणी किती वेळा करायची? आकडा सांगा.

आकडा नाहीये. कलमात एवढंच आहे की ठराविक काळाने प्रत्यक्ष मोजणी करा, तिचा निकाल नोंदवा आणि सरकारला कळवा, आणि काँट्रॅक्ट संपलं किंवा मोडलं की शेवटची मोजणी करा. किती काळाने ते तुम्ही तुमच्या पद्धतीत लिहायचं आणि मग पाळायचं.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर होते, दर वर्षी मे महिन्यात जडसंग्रह रजिस्टर घेऊन बाकं, घड्याळं, पितळी घंटा एकेक मोजायचे आणि आम्ही मुलं खडूने बाकांवर नंबर घालायचो. भारतात केंद्र सरकारच्या जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ मध्ये आजही वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पडताळणी सांगितलीय. इथे तसा सरसकट आकडा नाही म्हणून मी आमच्याकडे असं ठरवलंय, की जे लहान, महाग आणि खिशात मावणारं आहे ते दर तीन महिन्यांनी, मोठं हलत नाही असं वर्षातून एकदा, आणि ज्या वस्तू दुसऱ्याकडे गेल्यात त्या वर्षातून एकदा त्यांच्याकडून फोटोसकट लेखी. 'सगळं दर महिन्याला मोजू' असं लिहू नका. उत्साहात लोक लिहितात, तीन महिन्यांनी थकतात आणि मग स्वतःच्याच कागदाने पकडले जातात.

ते 'दहा आउटकम' म्हणतात ते कोणते?

मालमत्ता मिळवणं, ती आल्यावर ताब्यात घेणं, नोंदी, प्रत्यक्ष मोजणी, सबकाँट्रॅक्टरवर लक्ष, रिपोर्ट, जबाबदारीतून सुटका, वापर, देखभाल, आणि शेवटी काँट्रॅक्ट बंद करतानाचा हिशोब. ह्या दहांवर तुमची लेखी पद्धत हवी. आमची २२ पानांची आहे, त्यातली सहा नुसती नोंदींवर आहेत कारण गडबड तिथेच होते.

नोंदीत काय काय लिहायचं?

नाव आणि वर्णन, पार्ट नंबर, असला तर नॅशनल स्टॉक नंबर (सरकारी मालाचा ठरलेला क्रमांक), किती आले किती दिले किती उरले, एका नगाची किंमत, मोजायचं एकक, युनिक आयडी असेल तर तो, कुठल्या काँट्रॅक्टची वस्तू, जागा, विल्हेवाट काय लावली, नोंद कुठल्या कागदावरून केली आणि तारीख, वापरात कधी आली. पटकन संपणारा माल, म्हणजे आला आणि लगेच कामावर गेला असा, त्याला एवढं सगळं लागत नाही, आल्याचे-दिल्याचे-वापरल्याचे कागद एकमेकांना जोडून फाइलला लावले तरी चालतं, पण त्याची परवानगी आधी घ्या.

ह्यातली 'जागा' ही सगळ्यात खोटी पडणारी ओळ. एका तिमाही मोजणीत आमच्या रजिस्टरवर थ्रेड गेज १४ होते आणि ड्रॉवरमध्ये १३. फोममध्ये प्रत्येक गेजच्या आकाराचा खड्डा कापलेला आहे, त्यातला एक खड्डा रिकामा, तळाशी तेलाचा गोल डाग. तीन तास आम्ही बाकांखाली टॉर्च घेऊन शोधत होतो. शेवटी सापडला कॅलिब्रेशनवाल्याकडे, म्हणजे गेज अचूक आहे का ते तपासणाऱ्याकडे, आमच्याच माणसाने नऊ दिवसांपूर्वी पाठवलेला, पाठवल्याची पावती त्याच्या शर्टाच्या खिशात घडी घालून. चोरी नाही, निष्काळजी म्हणावी अशीही नाही, फक्त वस्तू हलली त्या दिवशी वही हलली नाही. तेव्हापासून ड्रॉवरमध्येच पिवळी कार्डं ठेवलीत, गेज उचलला की त्याच खड्ड्यात कार्ड ठेवायचं, कोणी नेला, कुठे, तारीख. सॉफ्टवेअर आहेच आमच्याकडे, पण ज्याचे हात तेलाने भरलेत तो कॉम्प्युटरपर्यंत जात नाही, कार्डावर लिहितो.

प्रत्येक वस्तूला टॅग लावायलाच हवा का?

सरकारची आहे हे ओळखू आलं पाहिजे, वस्तूला शोभेल अशा रीतीने, टॅग, शिक्का, कोरीव खूण काहीही. कूलंटमध्ये भिजणाऱ्या फिक्स्चरला चिकटपट्टीचा टॅग लावू नका, दोन महिन्यांत सुटतो आणि झाडलोटीत जातो. आम्ही कोरून घेतो, पण त्यासाठी आधी परवानगी काढली कारण दुसऱ्याच्या वस्तूवर कोरणं म्हणजे तिच्यात बदल करणं. डिफेन्सच्या काँट्रॅक्टमध्ये ५,००० डॉलर आणि वरच्या वस्तूंसाठी युनिक आयडीचा वेगळा नियम आहे, तो तुमच्या काँट्रॅक्टमध्ये आलाय का ते बघा.

वस्तू हरवली किंवा मोडली तर पैसे आम्ही भरायचे का?

सगळ्यात जास्त भीती ह्याचीच असते, आणि उत्तर बऱ्याच जणांना वाटतं त्यापेक्षा बरं आहे. कॉस्ट रिइंबर्समेंट, टाइम अँड मटेरियल्स आणि लेबर अवर (ह्या दोन्हींत कामाच्या तासांप्रमाणे पैसे मिळतात) आणि प्रमाणित किमतीचा तपशील देऊन मिळालेली फिक्स्ड प्राइस काँट्रॅक्ट्स, ह्यात साधारणपणे जोखीम सरकारची. तुमच्यावर येते ती तीन वेळा: त्या नुकसानीचा विमा तुमच्याकडे असेल तेव्हा, कंपनी चालवणाऱ्या वरच्या लोकांनी जाणूनबुजून गैर वागणूक केली किंवा नियत साफ ठेवली नाही तेव्हा, आणि तुमची पद्धत नीट नाही म्हणून काँट्रॅक्टिंग ऑफिसरने, म्हणजे सरकारच्या वतीने काँट्रॅक्ट करणाऱ्या अधिकाऱ्याने, लेखी देऊन सरकारची जोखीम काढून घेतली असेल आणि तुम्ही वेळेत दुरुस्ती केली नसेल तेव्हा.

पण स्पर्धेतून मिळालेल्या बाकीच्या फिक्स्ड प्राइस काँट्रॅक्टमध्ये कलमाचा 'अल्टरनेट १', म्हणजे पर्यायी मजकूर, लागू शकतो आणि तो असेल तिथे जवळपास सगळी जोखीम तुमची, रोजची झीज आणि कामात खर्ची पडलेला माल सोडून. छोट्या शॉपना बहुतेक वेळा हेच येतं! सही करायच्या आधी त्या दोन शब्दांसाठी काँट्रॅक्ट शोधा आणि सापडले तर विमा एजंटला त्याच दिवशी फोन करा.

नुकसान म्हणजे काय हेही नीट समजून घ्या. शोध घेऊनही न सापडणं, चोरी, अनपेक्षित बिघाड, नष्ट होणं हे नुकसान. झीज, जुनाट होणं, मुद्दाम तोडून बघायची टेस्ट, बनावटीतला दोष हे नुकसान नाही. झालं असेल तर माहिती हाती येताच कळवायचं, शेवटची माहीत असलेली जागा, कारण, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, सगळं लिहून. मी स्वतः पाहिलंय, स्वतःहून कळवलेल्या हरवलेल्या वस्तूपेक्षा लपवलेली वस्तू कंपनीला कितीतरी महाग पडते.

सबकाँट्रॅक्टरकडे वस्तू पाठवली की आपली जबाबदारी संपते ना?

नाही. सरकारच्या वस्तूशी संबंध येणाऱ्या प्रत्येक सबकाँट्रॅक्टमध्ये हेच नियम खाली उतरवायचे आणि तो पाळतो का ते बघायचं. मी एकदा आमच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे न कळवता नाही, सांगूनच गेले होते. आमच्याकडून गेलेलं सरकारी फिक्स्चर मागच्या अंगणात ताडपत्रीखाली, बाजूला पावसाचं पाणी साचलेलं, आणि त्यावर आमचा टॅग व्यवस्थित. टॅग होता, नोंद होती, जागेची ओळ बरोबर होती, आणि फिक्स्चरच्या बेसला गंज चढला होता. तो माणूसही वाईट नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की ही वस्तू आत ठेवायची. चूक माझी, पर्चेस ऑर्डरमध्ये साठवणुकीची अट मी घातली नव्हती.

रात्रीच्या शिफ्टला मशीन रिकामं असतं, सरकारच्या टूलवर आपलं खासगी काम काढलं तर?

परवानगीशिवाय अजिबात नाही. जी वस्तू ज्या काँट्रॅक्टसाठी दिली तिच्यावर तेच काम. दुसऱ्या कामाला हवी असेल तर काँट्रॅक्टिंग ऑफिसरची लेखी परवानगी आणि खासगी कामासाठी भाडं, त्याचं वेगळं कलम आहे, ५२.२४५-९. परवानगी न घेता वापरलं तर फौजदारी कायद्यापर्यंत जातं, दंड किंवा तुरुंग किंवा दोन्ही. विचारलं तर परवानगी मिळते, आम्हाला दोनदा मिळालीय.

तपासणीला कोण येतं आणि नापास झालो तर?

डिफेन्सच्या कामात डीसीएमए म्हणजे डिफेन्स काँट्रॅक्ट मॅनेजमेंट एजन्सीचा प्रॉपर्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर येतो. तो रजिस्टरवरून वस्तू शोधतो आणि शॉपमध्ये समोर दिसणाऱ्या वस्तूवरून तिची नोंद शोधतो, दोन्ही बाजूंनी. दुसरी बाजू लोक विसरतात. वहीत आहे ते शॉपमध्ये असतंच बहुतेक, पण शॉपमधलं वहीत नसतं.

कॉस्ट अकाउंटिंग स्टँडर्ड (खर्चाचा हिशोब कसा मांडायचा ह्याचे सरकारी नियम) लागू असलेल्या मोठ्या काँट्रॅक्टवर २०११ पासून आणखी एक कडक नियम आला, मालमत्ता व्यवस्थापन ही सहा 'बिझनेस सिस्टम' पैकी एक धरली गेली. तिच्यात गंभीर त्रुटी निघाली तर सरकार बिलातले ५ टक्के रोखून धरू शकतं, सगळ्या सिस्टम मिळून जास्तीत जास्त १० टक्के. ४५ दिवसांत पटण्यासारखा सुधारणा आराखडा दिला आणि त्याप्रमाणे वागलात तर ५ चे २ टक्के होतात. छोट्यांना हे थेट लागत नाही सहसा, पण तुमचा प्राइम काँट्रॅक्टर, म्हणजे सरकारशी थेट काँट्रॅक्ट असलेली कंपनी, ज्याचे पैसे अडकणारेत तो तुमच्या गळ्याशी येतो.

काम संपलं, आता ह्या वस्तूंचं काय? भंगारात देऊ का?

थांबा. वस्तू कितीही जुनी, मोडकी असली तरी ती सरकारची आहे आणि निर्लेखन करायचा अधिकार तुम्हाला नाही. एसएफ १४२८ ह्या फॉर्ममध्ये यादी द्यायची, आता सगळं ऑनलाइन आहे. कामाला लागत नाही असं तुम्ही ठरवल्यापासून ३० दिवस, डिलिव्हरी किंवा काम पूर्ण झाल्यापासून ६० दिवस, काँट्रॅक्ट मध्येच मोडलं तर १२० दिवस. मग प्लांट क्लिअरन्स ऑफिसर ठरवतो. आधी त्याच खात्यात कोणाला हवी का, मग दुसऱ्या सरकारी खात्याला, मग दान, मग विक्री, आणि कशातच नाही बसलं तर टाकून द्यायची. तोपर्यंत जागा अडते, खरंय, आमच्याकडे एक टेस्ट बेंच दीड वर्षं कोपऱ्यात उभं होतं. तरी उत्तर येईपर्यंत हात लावायचा नाही.

एफ-३५ च्या सुट्या भागांचं काय झालं होतं?

हे मला फार लागलेलं प्रकरण आहे. मे २०२३ मध्ये अमेरिकन संसदेच्या तपासनीस संस्थेचा, गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसचा अहवाल आला. एफ-३५ चे सुटे भाग एका जागतिक साठ्यात असतात, मालकी डिफेन्स खात्याची, पण ठेवलेले असतात देशात-परदेशात ठेकेदारांच्या ५० पेक्षा जास्त जागांवर. मे २०१८ पासून प्राइम काँट्रॅक्टरनेच १० लाखांहून जास्त भाग हरवल्याचं कळवलं होतं, किंमत ८.५ कोटी डॉलरच्या वर. आणि त्यातल्या २ टक्क्यांपेक्षाही कमी नुकसानीची छाननी एफ-३५ चं काम बघणाऱ्या सरकारी प्रोग्रॅम ऑफिसने केली होती.

लोक हे वाचून म्हणतात, बघा ठेकेदार कसे. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त गंभीर वाटते. हे भाग 'सरकारने दिलेली मालमत्ता' धरायचे की नाही ह्यावर डिफेन्स खात्यातच एकमत नव्हतं, म्हणून हरवलेलं कोणाला कळवायचं ह्याची ठरलेली वाटच नव्हती. किती नग, कुठे, किती किमतीचे ह्यासाठी खातं ठेकेदारांच्याच सिस्टमवर अवलंबून. म्हणजे २००७ च्या आधीचं तेच वाक्य, सरकारची वही ठेकेदाराच्या कपाटात. ठेकेदाराकडे असलेल्या मालमत्तेची किंमत डिफेन्स खात्याच्या अंदाजाने २२० अब्ज डॉलरच्या वर जाते आणि खरा आकडा ह्यापेक्षा बराच मोठा असणार असं तीच तपासनीस संस्था सांगते. २०१८ पासून डिफेन्स खात्याचं दर वर्षी पूर्ण ऑडिट होतं, एकदाही क्लीन निघालेलं नाही, आणि ठेकेदारांकडची मालमत्ता हे त्यातलं एक मोठं कारण.

म्हणून मला विचाराल तर सुधारणा अर्धीच झालीय. ठेकेदाराची बाजू २००७ मध्ये चांगली नीट केली. सरकारने स्वतःची यादी स्वतः ठेवायची ही बाजू कागदावर आली, डिफेन्स खात्याच्या स्वतःच्या सूचनांमध्ये आहे ती, पण प्रत्यक्षात अजून उतरायचीय.

मग २०२५ पासून परत नियम बदलतायत म्हणे?

हो. १५ एप्रिल २०२५ ला राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, की कायद्याने लागतं किंवा खरंच गरजेचं आहे तेवढंच एफएआरमध्ये ठेवा, बाकी काढा. त्याप्रमाणे एकेका पार्टचा नवा, सुटसुटीत मजकूर काढायला लागले आणि वेगवेगळी खाती तो 'डेव्हिएशन', म्हणजे मूळ नियमातून घेतलेली सूट, म्हणून वापरायला लागली. तुमच्यासाठी ह्याचा अर्थ एवढाच, की दोन काँट्रॅक्ट शेजारीशेजारी असली तरी एकात जुना मजकूर आणि दुसऱ्यात नवा असू शकतो. सही केलेल्या काँट्रॅक्टमध्ये कलमाची जी तारीख छापलीय ती तुम्हाला लागू. पाहा ती तारीख, पेनाने गोल करा, फाइलवर लिहा.

मजकूर कमी होणं मला चालेल. माझी मागणी एकच आहे, जे काढायचं ते काढा पण सरकार काय काय देणार त्या वस्तूंची काँट्रॅक्टला जोडलेली यादी काढू नका, उलट ती नसेल तर काँट्रॅक्टच निघू देऊ नका.

यादीचं एवढं काय? आम्हाला तर यादी मिळालीच नव्हती.

बऱ्याच जणांना मिळत नाही, किंवा मिळते ती दहा वर्षं जुनी, 'फिक्स्चर, १ नग' एवढंच लिहिलेली. आपल्याकडे पीडब्ल्यूडीच्या जुन्या बी-१ टेंडरमध्ये शेड्यूल ए असायचं, खात्याच्या स्टोअरमधून ठेकेदाराला मिळणारं सिमेंट, सळई, साधारण किती आणि कुठल्या दराने, कामाआधी लिहिलेलं. पुढे साइटवर काय व्हायचं ते वेगळं, पण भांडायला कागद तरी होता. यादी नसेल तर वस्तू उशिरा आली किंवा कामाची नव्हती हे सिद्ध करता येत नाही, आणि तसं झालं तर किंमत आणि मुदत वाढवून मागायचा तुमचा हक्क असतो, तो हातचा जातो. शेवटी परत करताना तर जे कधी आलंच नाही ते शोधत बसावं लागतं, हे माझ्यावर आलेलं आहे, पाच आठवडे.

यादी मिळाली नसेल तर तुम्ही बनवा, काँट्रॅक्टिंग ऑफिसरला पाठवा आणि ती काँट्रॅक्टला जोडून घ्या. उत्तर आलं नाही तर परत पाठवा.

उद्या क्रेट येणार आहे. सकाळी पहिलं काय करू?

ड्रायव्हरसमोर क्रेटच्या चारही बाजूंचे फोटो काढा, पॅकिंगच्या खिळ्यांना हात लावायच्या आधी. पावतीवर सही करताना फाटलेलं, ओलं, वाकलेलं जे दिसेल ते तिथेच लिहा. उघडल्यावर पॅकिंग स्लिप, काँट्रॅक्टची यादी आणि प्रत्यक्ष वस्तू, तिन्ही शेजारी ठेवून मोजा. कमी, जास्त, मोडकं काहीही असेल तर प्रॉपर्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला त्याच दिवशी कळवा. जास्त आलेलंही कळवा, चुकून आलेली वस्तू तुमची होत नाही. रजिस्टरमध्ये नोंद, ओळखीची खूण, आणि कुठे ठेवणार ती जागा आधीच ठरवलेली असू दे, छपराखालची, कोरडी. लाकडी क्रेट फेकू नका, परत पाठवताना तीच लागते.